विणायचो

रात्री साडेनऊला मी मोबाइल टेकवतो
भूदेवीच्या तंबाखूच्या डब्याला.
पोर्तुगालात तेव्हा चार वाजलेले असतात
आणि फिलोमेनाबाईंच्या खिडकीत अजून ऊन असतं,
सोलापूरच्या मानानं पाणी घातलेलं.

शिकायचं कारण आता उरलेलं नाही, ते आधीच सांगतो.
मोझांबिकचा कोणी गिऱ्हाईक येणार होता टॉवेल बघायला.
शेठ म्हणाले, अंबादास, चार शब्द शिकून ठेव,
तेलुगू, कन्नड, मराठी, उर्दू येतंयच तुला,
पाचवी सरकून बसेल कुठंतरी.
तीस शिकवण्यांचे पैसे भरले त्यांनी.
गिऱ्हाईक करूरला गेला.
शेडमधले सोळा माग मार्चात भंगारात गेले, किलोवर.
शिकवण्या तेवढ्या परत घेत नव्हते.

पहिल्या दिवशी बाईंनी एकेक वस्तू उचलून दाखवली.
त्या म्हणाल्या शाव्, मी म्हणालो चावी.
साबण उचलला, तर मीच आधी बोललो.
मग पाव, कोबी, बटाटा.
भूदेवीनं सुपावरून मान वर केली,
तेलुगूत म्हणाली, ह्यासाठी पैसे भरले शेठनी?

पण पैसे चुकते करणं म्हणजे त्यांच्याकडं पगार,
हे कळल्यावर मी गप्प बसलो.
चाळीस वर्षं दर आठवड्याला
ज्या शब्दावर मूठ मिटली
तो गलबतातून उतरला होता
आणि आम्हाला कोणी बोललं नव्हतं.

माझे कान अर्धे मागावरच गेले.
खटखटाटात कोण कुणाचं ऐकणार,
शेडमध्ये आम्ही ओठ वाचायचो.
सोळा मागांच्या पलीकडून कळायचं,
कांडी संपली, चहा आला, मुकादमाचा मेहुणा वारला.
म्हणून मला व्याकरणाची नाही, नेटवर्कची भीती.
चित्र थिजलं की भाषा बंद.
बाई म्हणतात हेडफोन लावा,
मी म्हणतो, तुम्ही जरा उजेडाकडं तोंड करा.
त्यांचे नाकातले स्वर मात्र ओठांवर दिसत नाहीत.
ते मी अंदाजानं काढतो,
अंधारात तुटलेला धागा चाचपावा तसे.

काल क्रियापदं होती.
तुमच्याच कामाचं घेऊ, म्हणाल्या.
तेसु, म्हणजे विणतो.
तेसी, विणलं. एकदाच. झालं.
तेसीया,
आणि इथं त्या अडल्या.
इंग्रजी दोघांचंही फाटकं.
नुसता हात हलवत राहिल्या, इकडून तिकडं,
तिकडून इकडं, धोटा जावा तसा.

विणायचो, मी म्हणालो.
काय?
विणायचो. रोज. लाइट असली की.
बाईंनी ते आपल्या लिपीत वहीत उतरवलं
आणि खाली दोन रेघा मारल्या.

मग त्या आईचं सांगायला लागल्या.
मला निम्मंच लागलं. आई. लोकरीची गिरणी. तेसीया.
विणायची, मी मनातल्या मनात दुरुस्त केलं.
त्यांच्यात बाई असो बाप्या असो, क्रियापद एकच,
आपल्यात तसं चालत नाही.
आई घरी आली तरी
आणि इथं आवाज गेला.
नेट, मी म्हणालो, बाई, नेट गेलं तुमचं.
पण चित्र हलत होतं. खिडकीत पडदा हलत होता.
ओठ हलत होते, रुंद, सावकाश,
एकेक अक्षर वेगळं ठेवत, जसे आमचे नारायणमामा बोलायचे
सहा नंबरच्या मागावरून.
आईसारखं बोलून दाखवत होत्या त्या.

एकोणीस शिकवण्यांत पहिल्यांदा
अख्खं वाक्य कळलं मला, न अडखळता.

काय म्हणाली, भूदेवीनं विचारलं.
हात धू आणि जेवायला बस.
मग बसा की, ती म्हणाली,
आणि झाकायला म्हणून डबा उचलला.
मोबाइल उताणा पडला.
बाईंना पत्रा दिसला असेल आमचा, पंखा,
वाळत टाकलेली चादर.

अजून अकरा आहेत.